आसाराम मास्तर जग सोडतात

आसाराम मास्तरांच्या तोंडून तो एक शब्द गेला नसता, तर पुढचं काहीच घडलं नसतं. दिवेलागणीची वेळ होती. घरात कंदील लावलेला, सारजाबाई डोळे मिटून बसलेल्या, दोन्ही पोरी आईच्या अंगाला चिकटून डोळे मिटल्यासारखं करत होत्या आणि मास्तर कुटुंबाची प्रार्थना चालवत होते. प्रार्थना झोकात चालली होती. आजाऱ्यांसाठी मागून झालं, वाटसरूंसाठी मागून झालं, हैदराबादच्या सरकारला सुबुद्धी आणि मिशनच्या शाळेच्या छपराला टिकाव मागून झाला. शेवटी मास्तरांनी छाती भरून श्वास घेतला आणि 'आमेन' म्हणायच्या जागी खणखणीत आवाजात म्हणाले, "शह!"

थोरलीला खुदकन हसू आलं. धाकटीनं स्वतःच "आमेन" म्हणून टाकलं, कारण तिला भूक लागली होती. सारजाबाईंनी सावकाश डोळे उघडले.

"कुणाला?"

मास्तरांनी कंदिलाची वात उगाच वरखाली केली.

"न्हाई, मी नुसतं इचारते. शह दिला तो कुणाला दिला? घरात आमी तिघी, आनि वर देव."

मास्तरांना त्या रात्री भाकरी घशाखाली उतरली नाही. पण खोटं कशाला बोला, हे एक ना एक दिवस होणारच होतं. टाकळवाडीत पोलिसांचं ठाणं होतं आणि ठाण्यावर मुनव्वर अली नावाचे अमीन होते. अमीन म्हणजे ठाण्याचा कारभारी. गावात गुन्हे थोडे आणि वेळ रगड, म्हणून अमीनसाहेब रोज संध्याकाळी ठाण्याच्या ओट्यावर बुद्धिबळाचा पट मांडायचे आणि समोर आसाराम मास्तर बसायचे. कैक वर्षं हे चालू होतं. मास्तर पंचक्रोशीत पट्टीचे खेळणारे. अमीनसाहेब हरले की म्हणायचे, "मास्टर, तुमारे हत्ती कू कल हवालात में डालतौं मैं," आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा मोहरे मांडायचे. मास्तर घरी यायचे, हातपाय धुऊन प्रार्थनेला बसायचे, डोळे मिटायचे, की प्रभूऐवजी समोर अमीनसाहेबांचा घोडा उभा. 'आमच्या स्वर्गातील बापा' म्हणता म्हणता मनात चाललेलं असायचं, की उंट तिथून काढला असता तर? माणूस श्रद्धाळू होता, लहानपणापासून शुभवर्तमान वाचत आला होता. पण आत कुठंतरी त्याला कळत होतं की आपण देवाशी बोलत नाही, देवाच्या अंगणात उभं राहून दुसरीकडंच बघतो आहोत. त्याची मास्तरांना मनापासून लाज वाटायची.

पुढल्या रविवारी पाळक अर्जुनराव आले. महिन्यातून एकदा ते तट्टावरून यायचे, शाळेच्याच खोलीत उपासना व्हायची. पुनरुत्थानाच्या सणाआधीचा, म्हणजे ईस्टरआधीचा चाळीस दिवसांचा उपवासकाळ तोंडावर आला होता, म्हणून त्यांनी उपदेश धरला तो जगाच्या नादावर. प्रभूनं अरण्यात दिवस काढले आणि आपण संध्याकाळ कुठं काढतो, असं म्हणून त्यांनी खोलीभर नजर फिरवली. ती नजर मास्तरांवर थांबली, असं मास्तरांना वाटलं. खरं म्हणजे मास्तरांच्या मागं खिडकी होती आणि पाळकसाहेब आपलं तट्टू जागेवर आहे का ते बघत होते.

"कोण उभा राहील?" पाळकसाहेब म्हणाले.

मास्तर उभे राहिले.

"पुनरुत्थानाच्या सणापर्यंत मी बुद्धिबळ सोडतो," मास्तर म्हणाले.

"आँ?" पाळकसाहेब म्हणाले.

आता पाळकसाहेबांना कानानं थोडं कमी ऐकू यायचं, हे सगळ्यांना ठाऊक होतं. मास्तरांनाही ठाऊक होतं. पण माणूस जाहीरपणे त्यागाला उभा राहिला की त्याचं डोकं ठिकाणावर नसतं. मास्तरांना वाटलं, पाळकसाहेब म्हणताहेत, एवढंच? म्हणून ते म्हणाले, "तमाशासुद्धा सोडतो."

"आँ?"

"तितरांची झुंज."

"आँ?"

"जत्रेतल्या कुस्त्या! सोमलिंगच्या दुकानावरच्या गप्पा! जगाची सगळी करमणूक सोडतो!" मास्तर ओरडले. ते तेवढं पाळकसाहेबांना ऐकू गेलं आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

त्या दुपारी मास्तरांना जेवण फार गोड लागलं. त्याग करून झालेला असावा आणि त्याचा अंमल अजून सुरू व्हायचा असावा, यासारखं सुख नाही.

अंमल सोमवारी संध्याकाळी सुरू झाला. मास्तर ओसरीत शुभवर्तमान उघडून बसले होते, तेवढ्यात ठाण्यावरचा सटवा जवान दारात उभा राहिला.

"सलाम मास्तर. सायबांनी पट मांडलाय."

"साहेबांना सांग, मी सोडलं."

"काय सोडलं?"

"सगळं. जगाचं सगळं सोडलं."

सटवानं घरात डोकावून बघितलं. सारजाबाई भांडी घासत होत्या. तो आवाज खाली आणून म्हणाला, "बाईला ठावं हाय का?"

सटवा मनाचा सरळ माणूस, पण निरोप पोचवण्यात त्याचा हात कोणी धरला नसता. ठाण्यावर जाऊन त्यानं सांगितलं, "मास्तर म्हनले, म्या सायबाला सोडलं." अमीनसाहेबांनी ते ऐकलं, मांडलेल्या पटाकडे बघितलं आणि काही न बोलता आपलंच एक प्यादं पुढं सरकवलं. मग पलीकडच्या बाजूनं कोणीच काही सरकवलं नाही.

मंगळवारी गावाला कळलं. बुधवारपासून सल्ले सुरू झाले. शाळेसमोर सोमलिंगचं किराण्याचं दुकान होतं. सोमलिंग लिंगायत, कपाळाला रोज ठसठशीत भस्म, त्यागाच्या बाबतीत जुना अनुभवी माणूस.

"मास्तर, तुमचं सुरुवातीलाच चुकलं," तो म्हणाला. "आवडीचं कावून सोडलं? सोडायचं ते नावडीचं सोडावं. मी दरसाल श्रावणात कारलं सोडतो. बापजन्मात एकदा नेम मोडला न्हाई."

म्हाताऱ्या मुक्ताबाई काठी टेकत आल्या त्या मास्तरांकडे न येता थेट सारजाबाईंकडे गेल्या. "माज्यापाशी झाकू नगंस. पुरुषमानूस एकाएकी देवाकडं वळला म्हंजी घरात कायतरी वाजलंय. काय झालं?" सारजाबाईंनी काही झालं नाही म्हणून सांगितलं, तर मुक्ताबाई हळहळल्या, "लई सोसती गं तू," आणि हीच बातमी घेऊन पुढच्या घरी गेल्या.

आता गंमत बघा. मास्तरांनी करमणूक सोडली होती ती प्रार्थनेला निवांतपणा मिळावा म्हणून. पण टाकळवाडीसारख्या गावात संध्याकाळी एक माणूस काहीच न करता डोळे मिटून बसतो, ही केवढी मोठी घटना! लोक बघायला येऊ लागले. ओसरीसमोर आधी दोघं बसले, मग दहा, मग कोणीतरी भुईमुगाच्या शेंगा आणल्या. सुंदरराव पाटील स्वतः येऊन घोंगडी टाकून बसले आणि म्हणाले, "चालू द्या मास्तर, आमचा काय तरास न्हाई." मास्तरांनी डोळे मिटले की समोर कुजबुज सुरू व्हायची. "झोपले का?" "न्हाई, ओठ हलतायत." "आज कालच्यापेक्षा जास्त बसले." एकदा मास्तरांनी प्रार्थना लवकर संपवली, तर मागून आवाज आला, "एवढंच? आमी चकलांब्याहून आलो की!"

ज्या माणसानं करमणूक सोडली, तो स्वतःच अख्ख्या गावाची करमणूक होऊन बसला होता. मास्तर आत जाऊन बसले, तर लोक खिडकीशी उभे राहिले. खिडकी लावली, तर दम कोंडला आणि पोरी खोकू लागल्या. शेवटी मास्तरांनी एकांताची जागा हेरली. गावाबाहेर राधाकिशनच्या खळ्यावर कडब्याची मोठी गंजी होती. पेंढ्या काढून काढून एका अंगाला माणूस बसेल एवढी कपार झाली होती. मास्तर ऊन उतरल्यावर गुपचूप गेले, कपारीत शिरले आणि वरून दोन पेंढ्या ओढून घेतल्या. आत कडब्याचा गोड वास, बाहेर शांतता. मास्तरांचं मन भरून आलं. आवाज मोकळा सोडून ते म्हणाले, "हे बापा, मी इथं आलो आहे!"

दुर्दैव असं की त्याच आठवड्यात राधाकिशनच्या गंजीतून रोज चार पेंढ्या चोरीला जात होत्या आणि राधाकिशन गोठ्याच्या आडोशाला दबा धरून बसला होता. त्यानं ऐकलं ते एवढंच, की चोर आत आहे आणि आपल्या बापाला हाक मारतोय, म्हणजे सगळं खानदानच चोरीला आलंय. त्यानं बोंब ठोकली. लोक काठ्या घेऊन धावले. सटवा जवान शिट्टी फुंकत आला. कोणीतरी मास्तरांचा पाय धरला, कोणीतरी धोतर धरलं, आणि मास्तर बाहेर आले ते केसांत कडबा, मिशीत कडबा, हातात शुभवर्तमान.

"आरं, हे तर मास्तर!" राधाकिशन ओशाळून म्हणाला. "मास्तर, तुमाला कडबा पायजे होता तर मागायचा ना!"

"मी प्रार्थना करत होतो."

"कडब्यात?"

मास्तर मिशीतला कडबा वेचू लागले. सटवानं ठाण्यावर जाऊन खबर दिली, तेव्हा अमीनसाहेब फक्त एवढंच म्हणाले, "वाह! मेरे ओटे पे बैठना पाप, और कडबे में बैठना पुण्य!" आणि चादर ओढून कुशीवर वळले.

अमीनसाहेब खरोखर दुखावले होते. त्यांनी पाटलांशी खेळून बघितलं, पण पाटील हरायला लागले की पट उधळून गावच्या पाण्याचा विषय काढायचे. सटवाला शिकवायचा प्रयत्न केला, तर सटवा घोडा सरळ नेऊ लागला, म्हणाला, "सायब, आडीच घरं चालनारं घोडं म्या बघितलं न्हाई. लंगडं असंल तर बदला." संध्याकाळी ठाण्यावरून जाणाऱ्यांना अमीनसाहेब एकटेच पटापुढं हनुवटीला हात लावून बसलेले दिसायचे.

आणि नेमकं ह्याच वेळी मास्तरांना त्यांची गरज पडली. पुनरुत्थानाच्या सणाला पहाटे टाकळवाडीची ख्रिस्ती बारा घरं शाळेपासून गंगेपर्यंत भजन म्हणत जायची. गोदावरीला तिकडं गंगाच म्हणतात. पण ते साल असहकाराचं. सरहद्दीपलीकडं इंग्रजी मुलखात लोक शाळा सोडत होते, कचेऱ्या सोडत होते, आणि ते वारं आपल्याकडं येऊ नये म्हणून निजाम सरकारचा हुकूम निघाला होता, की परवानगीवाचून कुठलीही मिरवणूक काढायची नाही. पाळकसाहेब म्हणाले होते, "मास्तर, त्याची काळजी नाही. अमीनसाहेब तुमचे दोस्तच आहेत."

मास्तर ठाण्यावर गेले.

"सलाम अमीनसाहेब."

"फरमाइए," अमीनसाहेब म्हणाले. इतक्या वर्षांत त्यांनी मास्तरांना कधी 'फरमाइए' म्हटलं नव्हतं.

"सणाच्या पहाटे भजनाला परवानगी..."

"वो मेरे हात में नहीं. तालुके कू अर्जी करो, उर्दू में. पहले शाम कू मेरा दोस्त आता था यहाँ, उसकू मैं जबानी देता था." अमीनसाहेबांनी टोपी नीट केली. "दोस्त ने छोड़ दिया मेरे कू."

मास्तर खूप काही बोलणार होते. पण त्यांनी नुसता सलाम केला आणि ते परत फिरले.

दोन दिवसांनी तालुक्याच्या कचेरीतले पेशकार, म्हणजे तहसीलदारांच्या हाताखालचे अंमलदार, गावात आले. अमीनसाहेबांनी चहा पाजला आणि मनातलं दुःख त्यांच्यापाशी मोकळं केलं, की काय सांगू, गावचा मास्तर एवढा चांगला माणूस, पण कोणाचं ऐकून एकाएकी सगळं तर्क करून बसला. तर्क म्हणजे त्याग. दुर्दैवानं असहकारालाही उर्दूत तर्क-ए-मवालात म्हणायचे आणि पेशकारांचा कान त्या दिवसांत ह्या एकाच शब्दासाठी टवकारलेला होता. त्यांनी चहा अर्धा ठेवला. तिसऱ्या दिवशी मास्तरांना कचेरीत हजर होण्याचा हुकूम आला.

सोमलिंगला बाजारासाठी तालुक्याला जायचंच होतं, त्याच्या गाडीत मास्तर बसले. वाटभर सोमलिंगनं धीर दिला. "भिऊ नका. नुसतं न्हाई न्हाई म्हना. लई झालं तर कारल्याचं सांगा."

कचेरीच्या ओसरीत दुपारपर्यंत बसवून ठेवल्यावर मास्तरांना आत बोलावलं. पेशकार हैदराबादकडचे, जाडजूड चष्म्याचे, नोकरीत केस पिकलेले गृहस्थ होते. ते उर्दूत विचारत होते आणि मास्तर जमेल तशा उर्दूत उत्तरं देत होते. ते बोलणं साधारण असं झालं.

"तुम्ही काय काय सोडलंय?"

"शतरंज साहेब. तमाशा, तितरांची झुंज, कुस्त्या."

"कोणाच्या हुकमावरून?"

मास्तरांनी क्षणभर विचार केला. पाळकसाहेबांचं नाव घ्यावं तर म्हातारा माणूस अडकायचा. शिवाय ते खरंही नव्हतं. "प्रभूच्या," ते म्हणाले.

"हा प्रभू राहतो कुठं? इंग्रजी मुलखात?"

"नाही साहेब. त्याच्याही पलीकडं."

"धंदा?"

"सुतारकाम केलं त्यानं."

"माणसं किती आहेत त्याची?"

"मोजता येणार नाहीत साहेब. जगभर आहेत."

पेशकारांनी चष्मा पुसला. प्रकरण त्यांच्या अंदाजापेक्षा मोठं निघत होतं. "ह्याला कधी अटक झाली होती?"

"झाली होती," मास्तर म्हणाले. "बागेत होता तेव्हा. त्याच्याच एका माणसानं पकडून दिलं."

"मुखबीर," पेशकार समजूतदारपणे म्हणाले. "असतो एखादा. मग?"

"हाकिमापुढं उभं केलं. हाकीम म्हणाला, मला ह्याच्यात काही गुन्हा दिसत नाही."

"म्हणजे सुटला."

"नाही साहेब. लोकांनी गलका केला, हाकीम त्या गलक्याला भ्याला, आणि मौतीची सजा दिली."

पेशकारांची लेखणी थांबली. कचेरीत इतकी वर्षं काढलेला माणूस, त्याला हे खटकलं. "गुन्हा दिसत नसताना? अपील नाही केलं?"

"नाही. उलट ज्यांनी मारलं त्यांच्यासाठीच त्यानं मागणं मागितलं. म्हणाला, ह्यांना माफ कर, आपण काय करतो ते ह्यांना कळत नाही."

खोलीत पंखा ओढणारासुद्धा ओढायचा थांबला होता. ही गोष्ट मास्तरांनी शाळेत शेकडो वेळा सांगितली होती, पण ती अशी, आत्ताच घडल्यासारखी, त्यांच्या स्वतःच्या कानांना पहिल्यांदाच ऐकू येत होती. डोळे सताड उघडे होते आणि समोर कोणाचाही घोडा नव्हता.

पेशकार खाकरले. "म्हणजे इसम मयत. मग तुम्हाला हुकूम कोण देतं?"

"मेला होता साहेब. पण तिसऱ्या दिवशी उठला. आता जिवंत आहे."

पेशकारांनी मान डोलावली आणि एक शब्द लिहिला. "फरार," ते म्हणाले.

तेवढ्यात आतल्या दालनातून हसण्याचा मोठा आवाज आला. तहसीलदारसाहेब पडद्याआडून ऐकत होते. ते डोळे पुसत बाहेर आले. "पेशकारसाहेब, कमाल करते हो! ये तो हजरत ईसा का किस्सा है! कोणावर वॉरंट काढताय?"

पेशकारांनी कागदावर भराभर रेघा ओढल्या. तहसीलदारांनी मास्तरांना खुर्ची दिली, सगळी हकीकत विचारून घेतली, पुन्हा पोट धरून हसले, आणि सणाच्या भजनाचा विषय निघाला तेव्हा म्हणाले, "परवानगी? त्यात काय आहे." मग त्यांची नजर बदलली. "मास्टर, तुम्ही शतरंज फार चांगली खेळता म्हणे?"

त्यांनी शिपायाला खूण केली. टेबलावर पट आला. हस्तिदंती मोहरे, एकेक असा देखणा, की मास्तरांनी तसे जन्मात बघितले नव्हते.

"एक डाव. जिंकलात तर परवानगी. हरलात तरी परवानगी."

इतका सोपा मोह सैतानालासुद्धा सुचला नसता. दाराशी उभ्या असलेल्या सोमलिंगला राहवेना. "मास्तर, खेळा की! देव काय तालुक्याला येतोय का बघायला?"

मास्तरांचा हात पटाकडे गेला. बोट वजिरासमोरच्या प्याद्याला लागलंसुद्धा. हस्तिदंत गार होतं. मग मास्तरांना वाटलं, आत्ता ह्याच खोलीत आपण त्याच्याबद्दल बोलत होतो, आणि लगेच त्याच्याकडं पाठ करून बसायचं? त्यांनी हात मागं घेऊन मांडीखाली दाबून ठेवला.

"साहेब, सण होऊ द्या. मग बोलवाल तेव्हा येतो. आज माफी असावी."

तहसीलदारांचा चेहरा उतरला. मोठ्या माणसाला 'नाही' ऐकायची सवय नसते. "ठीक आहे," ते कोरडेपणानं म्हणाले. "तुम्ही इतकं सगळं तर्क केलंय, तर परवानगीही तर्क करा."

परतीच्या वाटेवर सोमलिंग एक शब्द बोलला नाही, आणि सोमलिंग बोलत नाही म्हणजे केवढा अपराध घडला असेल ते समजावं. गावात बारा घरांनी मास्तरांना धारेवर धरलं. छबुबाईंनी तर तोंडावर सुनावलं, "एक डाव खेळला असता तर काय सोरगाचं दार बंद होनार होतं? पोरांनी नवी भजनं बसवलीत!" मास्तर मान खाली घालून घरी आले. त्यांना सगळ्यात जास्त भय सारजाबाईंचं होतं. सारजाबाईंनी ताट वाढलं, पिठल्यावर तेलाची धार जरा जास्तच सोडली आणि म्हणाल्या, "बरं केलं." बस, एवढंच. मास्तरांनी तीन भाकरी खाल्ल्या.

इकडं सोमलिंगला गप्प राहणं झेपेना. त्यानं ठाण्याच्या ओट्यावर बसून अमीनसाहेबांना सगळं साग्रसंगीत सांगितलं. अमीनसाहेब आधी दुसरीकडं बघून ऐकत होते. मग ताठ बसले.

"तहसीलदार कू ना बोला? हस्तिदंती मोहरे थे, फिर भी ना बोला?"

"तोंडावर न्हाई म्हनले. म्या सोता बघितलं."

अमीनसाहेब उठून उभे राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर कित्येक दिवसांनी उजेड पडला. "मतलब, अकेले मेरे कूच नहीं छोड़ा! सब कू छोड़ा!" त्यांनी सोमलिंगच्या पाठीत असा धपका घातला, की त्याच्या कपाळाचं भस्म उडालं. "अरे, ये तो सच्चा आदमी है बे!"

सणाची पहाट उजाडली. मास्तरांनी सगळ्यांना शाळेतच जमायला सांगितलं होतं. दार लावून हळू आवाजात गाऊ, असं ठरलं होतं. लोक हिरमुसून येत होते. एवढ्यात बाहेर बुटांचा आवाज झाला. छबुबाईंच्या हातातले टाळ खाली पडले. दारात पूर्ण गणवेशात, पट्टा आवळून, अमीन मुनव्वर अली उभे होते आणि मागं सटवा, खांद्याला बंदूक.

"मास्टर, हुकूम मालूम है? जुलूस नहीं निकलेगा."

"नाही साहेब, आम्ही आतच..."

"लेकिन गश्त नहीं निकलेगी, ऐसा हुकूम में कहाँ है?" अमीनसाहेब मिशीला पीळ देत म्हणाले. "मैं ठाने का अमीन. मैं गश्त पे निकला. मेरे पीछे कौन चल रहा, क्या गा रहा, मेरे कू पीछे आँखें हैं क्या?"

मग कोणीतरी हसलं, कोणीतरी मृदंगावर थाप मारली, आणि टाकळवाडीच्या इतिहासातली सगळ्यात मोठी गश्त बाहेर पडली. पुढं अमीनसाहेब छाती काढून, त्यांच्यामागं सटवा, मग बारा घरांतली माणसं टाळ-मृदंगासह, पोरी, कडेवरची लेकरं. भजनाच्या आवाजानं गाव जागं झालं. गश्त चाललीय म्हटल्यावर बघायला दोष नव्हता. राधाकिशन घोंगडी गुंडाळून आला. सुंदरराव पाटील म्हणाले, "सरकारी काम हाय, हजर राहिलंच पायजे." सोमलिंगनं दुकान उघडून गूळ-शेंगदाण्याची पाटी डोक्यावर घेतली. मुक्ताबाई काठी टेकत सारजाबाईंच्या बरोबर चालू लागल्या आणि कानाशी लागून म्हणाल्या, "आता सांग, मिटलं का तुमचं?"

गंगेच्या वाळवंटात सगळे बसले तेव्हा पूर्व तांबूस झाली होती. मास्तर उभे राहिले. उपवासकाळभर त्यांनी ह्या पहाटेसाठी उपदेश तयार केला होता. विषय होता जगाचा त्याग. त्यांनी घसा साफ केला.

"बंधूंनो आणि भगिनींनो, जगाकडं पाठ फिरवून..."

आणि त्यांनी समोर बघितलं. समोर सगळं जग वाळूत मांडी घालून बसलं होतं. पाटील जांभई देत होते. राधाकिशन मास्तरांच्या केसांकडं निरखून बघत होता. सोमलिंग शेंगदाणे वाटत होता आणि अमीनसाहेब आपल्या टोपीत ते घेत होते. सटवाच्या बंदुकीवर कोणाचं तरी लेकरू डोकं टेकून झोपलं होतं. मास्तरांनी पुढचं वाक्य आठवायचा प्रयत्न केला. मग पोटातून काहीतरी उसळून वर आलं आणि मास्तर हसायला लागले. आवरायला गेले, तर आणखीच हसू आलं. डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. आधी पोरी हसल्या, मग बारा घरं, मग सगळं वाळवंट.

"सारजा," मास्तर कसंबसं बायकोकडं वाकून म्हणाले, "सण संपला नाही अजून. हे करमणुकीत धरायचं का गं?"

सारजाबाईंनी नदीपलीकडं बोट केलं. सूर्याची कड नुकतीच पाण्यावर आली होती.

"उठला की तो," त्या म्हणाल्या. "आता हसा मनमोकळं."

अमीनसाहेबांनी शेंगदाणे चघळता चघळता विचारलं, "मास्टर, ये तुमारी दुआ है क्या?"

"हो साहेब," मास्तर डोळे पुसत म्हणाले. "आजची हीच."

"फिर तो मेरे कू भी आती," अमीनसाहेब म्हणाले, आणि त्यांच्या हसण्यानं पलीकडच्या काठावरचे बगळे उडाले.